जिव्या सोमा म्हसे: लग्नचौकाच्या बाहेर पडलेली रेषा

कारवीचा कूड (धागाकर्ता)

वारली चित्रांचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ही कला हजारो वर्षे जुनी आहे हे पहिले, आणि जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगापुढे आणली हे दुसरे. पहिले सिद्ध करणे फार अवघड आहे, कारण शेणामातीच्या कुडावर तांदळाच्या पिठाने काढलेले चित्र काही पावसाळ्यांतच उडून जाते आणि मागे पुरावा ठेवत नाही. दुसरे वाक्य मात्र मला जिव्यांवर अन्याय करणारे वाटते. घरात तयार असलेली वस्तू उचलून अंगणात मांडावी, एवढेच त्यांनी केले असा त्याचा अर्थ होतो. प्रत्यक्षात त्यांनी कागदावर जे रचले, ते त्यांच्याआधी भिंतीवर तशा रूपात नव्हते. या धाग्यात मला मुख्यतः एवढेच मांडायचे आहे.

जिव्यांचा जन्म १९३४ साली तलासरी तालुक्यातील धामणगावचा. पुढे त्यांचे सारे आयुष्य डहाणू तालुक्यातील गंजाड येथे गेले आणि १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. हा सगळा प्रदेश आधी ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. सात वर्षांचे असताना आई गेली आणि त्यानंतर बराच काळ ते कोणाशी बोलत नसत, मातीत बोटाने चित्रे काढून आपले म्हणणे सांगत, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. ही हकीकत खरी असली तरी तिच्यावर फार भार टाकू नये, असे मला वाटते. दुःखाने मुका झालेला मुलगा चित्रकार होतो, ही कथा ऐकायला इतकी सोयीची आहे की तिच्यापुढे त्यांची पुढची कित्येक वर्षांची मेहनत, शेतीवरची मजुरी आणि हातावर मिळवलेला ताबा हे सगळे मागे पडते.

ज्या चित्रपरंपरेत ते वाढले, ती लग्नाशी जोडलेली होती. वारली समाजात चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नसे. झोपडीच्या आतल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौकोन लिहितात, त्याच्या चारही बाजूंना नक्षीच्या पट्ट्या भरतात आणि मधोमध पालघट देवी काढतात. ही देवी सुफलतेची, लग्नाची आणि वनस्पतींची. चौकाच्या आत फणी आणि शिडी यांसारख्या वस्तू असतात, जवळ सूर्य आणि चंद्र असतात. शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव असतो. लग्नाचे विधी पुरुष ब्राह्मण नव्हे, तर धवलेरी ही स्त्री गाणी म्हणत पार पाडते. देवीचे चित्र कापडाने झाकलेले असते आणि भगताच्या अंगात आल्यावर ते उघडले जाते. म्हणजे चौक हा पाहण्यासाठी लिहिलेला नसतो. त्यात देवीला येऊन बसायचे असते. म्हणूनच त्याची मांडणी स्थिर, समोरासमोर आणि जवळजवळ ठरलेली असते. चौकाबाहेर झाडे, माणसे, नाच, वरात असे काही ना काही असे, पण त्याचे स्थान दुय्यम होते.

जिव्यांनी हेच दुय्यम जग मुख्य केले. त्यांच्या कागदावर चौकट उरली नाही. वर आणि खाली हा भेदही पुष्कळदा उरला नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून झालेला माणूस भिंतीवरही होता, पण जिव्यांचा माणूस त्या टोकाशी, म्हणजे कमरेशी, वळतो. डोक्यावर मोळी असेल तर दोन त्रिकोणांतला कोन बदलतो, भात झोडताना आणखी बदलतो आणि नाचताना तर शरीर जमिनीवर ठरतच नाही. डोळे नाहीत, तोंड नाही, तरीही कोण थकले आहे आणि कोण घाईत आहे हे कळते. इतक्या कमी साधनांत इतके सांगणारी रेषा मी तरी क्वचितच पाहिली आहे.

त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रे पाहावीत. कापडाचा मोठा भाग जाळ्याच्या बारीक विणीने भरलेला असतो. रेषा एकसारखी, पण यांत्रिक नाही. कुठे वीण दाटते, कुठे सैल होते आणि त्यामुळे पाणी न काढताही जाळे पाण्यात पसरल्याचा भास होतो. जवळ माणसे, मासे, खेकडे असतात, पण चित्राचा खरा नायक ते जाळेच. हे चित्र कोणत्याही लग्नचौकातून थेट निघत नाही. ते ज्याने जाळे पाहिले, हाताळले आणि नंतर ते कागदावर पुन्हा विणण्याची चिकाटी ठेवली, त्या एका माणसाचे आहे. आपण 'लोककला' म्हणतो तेव्हा हा एक माणूस हरवतो.

उंबरपाणी

धागाकर्त्यांनी लग्नचौकाची धार्मिक बाजू चांगली मांडली आहे. तिला एक आर्थिक बाजूही जोडावी लागेल. जिव्यांच्या लहानपणी तलासरी, उंबरगाव आणि डहाणू या भागात वेठ आणि लग्नगडी या दोन्ही पद्धती चालू होत्या. लग्नासाठी जमीनदाराकडून उचल घ्यायची आणि तिच्या बदल्यात नवरा, पुष्कळदा त्याची बायकोसुद्धा, त्याच्याकडे राबायची, असा लग्नगडीचा व्यवहार होता. घेतलेली रक्कम किरकोळ असली तरी तिची फेड आयुष्यभर संपत नसे. या प्रथांविरुद्ध शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने १९४५ मध्ये लढा उभारला. २३ मे १९४५ रोजी झरी येथे सभा झाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. जिव्या तेव्हा अकरा वर्षांच्या आसपासचे होते.

हे इथे सांगण्याचे कारण असे की ज्या चौकाला आपण सुफलतेचे सुंदर प्रतीक म्हणतो, तो लिहिण्याची वेळ यायला अनेक कुटुंबांना वर्षानुवर्षे थांबावे लागे. लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून जोडपी तशीच संसार करीत, मुलेबाळे होत, आणि पुढे ऐपत आल्यावर लग्न लागे. कधी आईवडिलांचे आणि मुलांचे लग्न एकाच मांडवात लागे. चौक दुर्मीळ होता, खर्चिक होता आणि त्यासाठी काही जणांनी स्वतःला गहाण टाकले होते. जिव्यांच्या चित्रांत लग्नापेक्षा पेरणी, लावणी, कापणी, मळणी, मासे आणि तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य यांना इतकी जागा का मिळाली असेल, याचा विचार करताना ही पार्श्वभूमी मला महत्त्वाची वाटते. ती त्यांनी मुद्दाम मांडलेली भूमिका होती, असे माझे म्हणणे नाही. मात्र त्यांच्या चित्रांतले श्रम हे सजावटीचे श्रम नाहीत. भाताची उडवी रचणारा माणूस तिथे खरोखर काम करताना दिसतो.

शाईदौत

मूळ लेखातील एका गोष्टीवर मला अधिक बोलायचे आहे. चौक लिहिणाऱ्या सवाशिणी, गाणी म्हणणाऱ्या धवलेरी, म्हणजे या परंपरेच्या वाहक सर्वस्वी स्त्रिया. असे असताना कागद आला, बाजार आला, पुरस्कार आले आणि नावे राहिली ती पुरुषांची. हे कसे घडले? जिव्यांच्या प्रतिभेविषयी शंका नाही, परंतु एका पुरुषाने स्त्रियांची कला घेतली आणि ती त्याच्या नावावर झाली, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे?

कारवीचा कूड

प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. सत्तरच्या दशकाच्या आरंभी, पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या हस्तकलेच्या कामातून, चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्याआधी १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात त्यांनी मिथिलेतील स्त्रियांच्या हाती कागद दिला होता आणि त्यातून मधुबनी चित्रे भिंतीवरून कागदावर आली होती. तोच प्रयोग त्यांनी वारली पाड्यांवर केला. मिथिलेत पुढे स्त्रियांचीच नावे झाली. सीतादेवी, गंगादेवी ही नावे आपल्याला आठवतात. इथे मात्र पुढे आले ते जिव्या. परक्या माणसासमोर बसून, लग्न नसताना, देवीचा चौक कागदावर लिहायचा याबद्दल स्त्रियांना संकोच असणे स्वाभाविक आहे. विधीचे बंधन ज्याच्यावर नव्हते, त्याला कागद मोकळा वाटला, असे माझे अनुमान आहे.

तरीही 'स्त्रियांची कला घेतली' हे वाक्य मला पटत नाही. चौक अजूनही सवाशिणीच लिहितात. धवलेरीचे गाणे कोणा पुरुषाने आपल्याकडे घेतलेले नाही. जिव्यांनी चौकाच्या भोवतालची चित्रभाषा घेतली आणि तिच्यातून दुसरेच काही केले. अन्याय झाला तो वेगळ्या ठिकाणी: कागदावरच्या चित्राला चित्रकाराचे नाव मिळाले आणि भिंतीवरच्या चौकाला मात्र आपण आजही निनावी परंपरा म्हणतो. चौक लिहिणाऱ्या बाईलाही हात असतो, तिचाही एखादा पट्टा शेजारणीपेक्षा सरस असतो, हे आपण विचारातच घेत नाही. तो दोष जिव्यांचा नसून पाहणाऱ्यांचा आहे.

जुना पार

चर्चा विचारांच्या अंगाने चालली आहे, म्हणून मी थोडे साहित्याविषयी लिहितो. वारली घराच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या असतात आणि त्यावर शेण व माती एकत्र कालवून लिंपण केलेले असते. त्यावर गेरूचा हात दिला की तांबूस तपकिरी पृष्ठ मिळते. तांदूळ भिजवून, वाटून पांढरे पीठ करतात, त्यात पाणी आणि चिकटपणासाठी डिंक घालतात. बांबूच्या किंवा तशाच काडीचे टोक चावून, ठेचून मऊ केले की तीच कुंचली. हे वर्णन सगळीकडे सापडते. पण या साहित्याने रेषेवर कोणती बंधने घातली, हे फारसे कोणी सांगत नाही.

पिठाचा रंग ओला असताना पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर पांढरा उमटतो. म्हणजे काढताना आपण नेमके किती रंग दिला हे चित्रकाराला अंदाजानेच ठरवावे लागते. काडीत रंग फार थोडा राहतो, त्यामुळे लांब अखंड रेषा ओढण्यापेक्षा लहान लहान फटकारे जोडत जावे लागते. खडबडीत लिंपणावर वळणदार रेषेपेक्षा सरळ रेषा अधिक सांभाळता येते. त्रिकोण, चौकोन, वर्तुळ या मूळ आकारांवर सारी चित्रभाषा उभी राहण्यामागे समाजाची श्रद्धा जशी आहे, तसाच हा हाताचा हिशेबही असावा.

जिव्यांनी कागद आणि कापड घेतले तेव्हा ही बंधने बदलली. कापडाला शेणाचा किंवा गेरूचा लेप देऊन त्यांनी भिंतीचा रंग आणि पोत राखला. मात्र तांदळाचे पीठ कापडाची घडी केली की सुटते आणि त्याला कीडही लागते, त्यामुळे पुढच्या काळात पांढरा तयार रंग आणि गोंद वापरला जाऊ लागला. याला काही जण भेसळ म्हणतात. मला तसे वाटत नाही. जाळ्यासारखी बारीक वीण पिठाने आणि चावलेल्या काडीने लिंपणावर काढणे जवळपास अशक्यच होते; ती शक्यता नव्या पृष्ठभागाने दिली आणि जिव्यांनी ती पुरेपूर वापरली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की रंगांची पेटी हाताशी असतानाही त्यांनी मातकट पार्श्वभूमी आणि पांढरी रेषा ही शिस्त सोडली नाही. चौकात विधीसाठी हळदकुंकवाचा पिवळा आणि लाल येतो, तेवढीही सूट त्यांनी आपल्या मुख्य कामात क्वचितच घेतली.

उंबरपाणी

तारप्याविषयीही लिहावे. वाद्य आणि चित्र यांचा संबंध इथे फार जवळचा आहे.

जुना पार

वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानाचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण, एवढ्यात तारपा तयार होतो. भात तयार झाले की तो बाहेर निघतो आणि कापणीच्या दिवसांत रात्रभर वाजतो. वाजवणारा मध्यभागी असतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती फिरतात आणि तारप्याकडे पाठ करीत नाहीत. सूर बदलला की पुढचा नर्तक दिशा बदलतो आणि त्यामागे पूर्ण साखळी वळते.

चित्रात हे वर्तुळ नसते; ते आतून बाहेर उलगडत जाणारे वेटोळे असते, आणि मोठ्या चित्रात त्याचे फेरे इतके वाढतात की नाचणारे आणि त्यांच्या आसपास वावरणारे लोक यांतली सीमा पुसट होते. जिव्यांची अशी चित्रे पाहताना वेटोळ्याच्या शेवटच्या टोकाकडे जरूर लक्ष द्यावे. तिथे बहुधा एखादा माणूस धावत येऊन साखळीला जोडला जात असतो, किंवा एखादे मूल बाजूला खेळत असते. नाच पूर्ण झालेला नसतो, तो चालू असतो. माणसे, पक्षी, जनावरे, किडे सारे अहोरात्र हलत असतात आणि ही हालचाल म्हणजेच जगणे, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे नोंदवलेले आहे. ते तत्त्वज्ञान म्हणून घेण्यापेक्षा चित्ररचनेचा नियम म्हणून घेतले तर अधिक उपयोगी पडते.

पाटपाणी

परदेशातील प्रदर्शनांचा उल्लेख अजून आला नाही. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी फ्रान्समधील माँताँ येथे त्यांची चित्रे लागली. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने भरवलेल्या 'माजिसियाँ द ला तेर' या प्रदर्शनात ते होते. सुमारे शंभर कलावंतांच्या त्या प्रदर्शनात पाश्चात्त्य आणि बिगरपाश्चात्त्य कलावंतांना एकाच पातळीवर मांडण्याचा प्रयत्न होता. २००३ मध्ये जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फ येथे इंग्लिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांचे संयुक्त प्रदर्शन झाले. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉज पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री. एवढे सगळे होऊनही गंजाडचे घर आणि शेती त्यांनी सोडली नाही.

शाईदौत

या यादीतील लाँग यांच्यासोबतचे प्रदर्शन मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. लाँग चालण्यातून आणि माती, दगड, चिखल यांतून काम करतात. ते वारली प्रदेशात येऊन राहिले आणि तिथल्या जमिनीवर त्यांनी काही कामे केली. एकाने माती हे माध्यम कलाशाळेत शिकून निवडले आणि दुसऱ्याच्या ते पायाखालीच होते. त्यांना शेजारी मांडल्यावर जिव्यांचे काम 'आदिवासी' या एका शब्दात बसवण्याची सोय पाहणाऱ्याला राहत नाही. पॅरिसच्या प्रदर्शनाबद्दल मी तितकी उत्साही नाही. 'पृथ्वीवरचे जादूगार' असे नाव दिले की आदिवासी कलावंत पुन्हा गूढ होतो, आणि त्याने चित्र कसे रचले हा साधा प्रश्न विचारायचा राहून जातो.

पाटपाणी

चादरी, कप, उशांचे अभ्रे, कार्यालयांच्या भिंती असे सगळीकडे आता तेच तारपा-वेटोळे दिसते. त्यावर काही कायदेशीर बंधन आहे का?

उंबरपाणी

२०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठी त्या समाजातील तरुणांच्या संघटनेने पुढाकार घेतला होता. मानांकनामुळे 'वारली' हे नाव कोणी वापरावे यावर हक्क सांगता येतो. आकृती कोणी काढावी यावर मात्र प्रत्यक्षात फारसे नियंत्रण येत नाही. छापील कापडावर दोन त्रिकोणांची माणसे काढणाऱ्याला ते 'आदिवासी नक्षी' म्हणून विकता येतेच. माझा खरा आक्षेप पालघट देवीच्या वापराला आहे. तारप्याचा नाच हा सगळ्यांसमोर होणारा आनंद आहे, तो कपावर आला तर वारली माणूस कदाचित हसेल. झाकून ठेवायच्या आणि विधीतच उघडायच्या देवीचा चौक पायपुसण्यावर छापणे ही वेगळी गोष्ट आहे. हा फरक छपाई करणाऱ्यांना कोणी सांगत नाही, आणि सांगितला तरी ते ऐकतील याची खात्री नाही.

कारवीचा कूड

सहमत आहे. अनुकरणातून आणखी एक नुकसान होते. छापील चित्रात सगळी माणसे एकाच साच्यातून काढलेली असतात. कमरेचा कोन एकच. जिव्यांनी नेमके ज्या जागी जीव ओतला होता, ती जागाच गोठते. अस्सल आणि नकली ओळखायचे असेल तर सही शोधण्याआधी दोन त्रिकोण जिथे भेटतात तिथे पाहावे.

त्यांच्या नंतरच्या पिढीत हे गोठणे टाळणारे चित्रकार आहेत. त्यांचे पुत्र सदाशिव आणि बाळू हे दोघेही चित्रकार. गंजाडचेच राजेश वांगड यांनी छायाचित्रकार गौरी गिल यांच्यासोबत केलेले काम तर वेगळ्याच वाटेने जाते. गिल यांनी गंजाडच्या परिसराची कृष्णधवल छायाचित्रे काढली आणि त्या छायाचित्रांवर वांगड यांनी शाईने तिथल्या आठवणी, कथा आणि घडलेल्या घटना रेखाटल्या. छायाचित्रात जी टेकडी उजाड दिसते, तिच्यावर त्यांची रेषा जुने जंगल पुन्हा भरते. मयूर आणि तुषार वायेडा हे बंधूही गंजाडचे, आणि कथा सांगण्याकडे त्यांचा ओढा स्पष्ट दिसतो. यांपैकी कोणीही जिव्यांची चित्रे पुन्हा काढत नाही. घेतली आहे ती चौकटीबाहेर चित्र रचण्याची मोकळीक.

शाईदौत

आता यात स्त्री चित्रकारांची नावे किती, हा माझा प्रश्न अजून उभाच आहे. वारली मुली आणि स्त्रिया आज कागदावर, कापडावर चित्रे काढतात, विकतात, शिकवतात. तरी प्रदर्शनांच्या याद्यांत त्या पुरुषांच्या मानाने फार कमी दिसतात. धवलेरींची गाणी आणि सवाशिणींचे चौक यांची नोंद लिहिणाऱ्या बायकांच्या नावांसह ठेवायला कोणी सुरुवात केली असेल, तर त्याविषयी इथे जरूर लिहावे.